ताटाची डावी बाजू

रागाच्या भरात मी आजवर बरंच काही करून बसले आहे. नागपूरची चांगली चाललेली नोकरी सोडली, कमरेपर्यंतचे केस कापले, आणि एकदा ऐन जानेवारीत पुष्करशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, भांडून गाडीतून उतरले आणि बर्फातून चालत घरी आले. पण रागाच्या भरात कॉम्प्युटर गेम लिहायची वेळ माझ्यावर यंदाच आली. ती आणली नंदनने.

नंदन आमच्या, कॅनडातल्या किचनर गावच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही. हॉल बुक करणं, पार्किंगची परवानगी काढणं, ही कुणालाच नको असलेली कामं तो बिनबोभाट करतो. फक्त तो सुट्टीच्या दिवशीही ऑफिसात असल्यासारखा बोलतो. जुलैत त्याच्या बॅकयार्डमध्ये गणपतीच्या तयारीची मीटिंग होती. ग्रिलवर कणसं भाजली जात होती. सगळ्यांच्या हातात एकेक कणीस आल्यावर तो म्हणाला, "यंदा जेवणाचं आपण सिंप्लिफाय करू या. बॉक्स मागवू. एका बॉक्समध्ये सगळं. लोक येतील, पिक अप करतील, डन. पंगतीचं लॉजिस्टिक्स आता आपल्याला झेपत नाही."

सगळ्यांनी एकदा उल्हासकाकांकडे पाहिलं आणि लगेच आपापल्या कणसाकडे.

उल्हासकाका ऐंशी ओलांडलेले. तरुणपणी इंजिनिअर म्हणून इथे आले आणि आयुष्यभर या भागातले पूल बांधत राहिले. गावात मराठी घरं जेमतेम सात-आठ होती, तेव्हापासून गणपतीत ते पंगत घालत आले आहेत. मंडळाची स्टीलची ताटं त्यांच्याच बेसमेंटमध्ये असतात. जमिनीवर बसणं लोकांच्या गुडघ्यांना मानवेनासं झालं तेव्हा टेबलं आली, पण काकांनी टेबलांनाही पंगतीची शिस्त लावली. लांबच लांब टेबलं, जेवणारे फक्त एका बाजूला, आणि वाढणारे समोरच्या बाजूने चालत जाणार. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, मग वरण-भात, याच क्रमाने, आणि प्रत्येक पदार्थ ताटातल्या त्याच्या ठरलेल्या जागी. शेवटी आग्रह. ऑक्टोबरात काका घर विकून दूर पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्सला मुलीकडे राहायला जाणार होते. म्हणजे ही त्यांची इथली शेवटची पंगत, हे त्या बॅकयार्डमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"नंदन, एवढं एक वर्ष होऊ दे," काका म्हणाले.

"काका, मलाही आवडतं हो. पण वाढणार कोण? मागच्या वर्षी चार जण होते, त्यातल्या दोघांची पाठ धरली. यंग जनरेशनला येत नाही आणि त्यांना ट्रेन करायला कोणाकडे वेळ नाही. आणि एक वर्षाचा प्रश्न नाहीये. तुम्ही गेल्यावर कोण करणार आहे? आज ना उद्या बॉक्सच येणार."

काकांनी न खाल्लेलं कणीस ताटलीत ठेवून दिलं. ते पाहून माझं डोकं फिरलं.

"मी शिकवते मुलांना," मी म्हणाले.

"कसं?"

"गेम बनवते. ब्राउझरमध्ये चालेल असा. फोनवर खेळतील आणि खेळता खेळता शिकतील." हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते मलाही माहीत नव्हतं.

नंदन म्हणाला, "ओके. ऑगस्टच्या शेवटी एक रिहर्सल करू. जमलं तर पंगत. नाही जमलं तर मी बॉक्स ऑर्डर करतो. फेअर?"

"फेअर," मी म्हणाले.

घरी परतताना गाडीत पुष्करने विचारलं, "पण तुला तरी येतं का गं वाढायला?"

"डावी बाजू, उजवी बाजू कोणाला येत नाही?" असं म्हणून मी रेडिओ मोठा केला.

दिवसभर मी एका विमा कंपनीचे फॉर्म बनवते. पत्ता लिहा, प्रांत निवडा, पुढे जा. रिॲक्टमध्ये, म्हणजे वेबसाइटचे पडदे रचायच्या एका साधनात, काम करत मला दहा वर्षं झाली, पण त्यातून स्वतःच्या हौसेसाठी असं काही केलं नव्हतं. रिॲक्टचा एक गुण मला फार आवडतो. कुठलंही काम त्यात तुकड्यातुकड्यांनी मांडायचं असतं. ताट हा एक तुकडा, जेवणारा माणूस हा दुसरा, वाढायचं भांडं हा तिसरा. प्रत्येक तुकडा आपल्यापुरतं लक्षात ठेवतो, माझ्यात काय आहे, काय नाही. आणि ते लक्षात ठेवलेलं बदललं की पडद्यावरचं चित्र आपोआप बदलतं. आपण फक्त सांगायचं, या ताटात आता चटणी आहे. ती रंगवत बसायचं काम आपलं नाही.

पहिल्या शनिवारी मी ताट काढलं. गोल, स्टीलचं, काठ उचललेला. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद. खेळणाऱ्याने वरणाच्या बादलीतून ओगराळं उचलायचं आणि बोटाने ओढत नेऊन योग्य जागी सोडायचं. जागा चुकली की जेवणारा माणूस भुवया उंचावतो. क्रम चुकला की घसा खाकरतो. भुवयांवर माझी एक अख्खी दुपार गेली, पण त्या पाहण्यासारख्या झाल्या.

मग मी एका ओळीत बारा माणसं बसवली, गेम सुरू केला आणि पहिल्या ताटात मीठ वाढलं. बाराच्या बारा ताटांत मीठ पडलं. कोशिंबीर वाढली, बाराही ताटांत कोशिंबीर. शेवटच्या माणसाच्या ताटात चुकीच्या जागी चटणी टाकली तर बारा जणांनी एकदम भुवया उंचावल्या.

"वा!" मागून पुष्कर म्हणाला. "प्रॉब्लेम सुटला की. एकच माणूस पुरेल वाढायला."

चूक अगदी बाळबोध होती. मी रिकामं ताट एकदाच बनवलं होतं आणि तेच बारा जणांपुढे ठेवलं होतं. कॉम्प्युटरच्या लेखी ती बारा ताटं नव्हतीच, एकच ताट बारा ठिकाणी दिसत होतं. दहा वर्षं काम केलेल्या बाईने असं करावं याची मला लाज वाटली, आणि पुष्करने ते पाहावं याचा राग आला. प्रत्येकाला ज्याचं त्याचं ताट दिलं आणि पंगत सुरळीत झाली.

पुढचं भांडण ईशानीशी. ईशानी माझी मुलगी, चौदा वर्षांची. सप्टेंबरपासून हायस्कूलला जाणार. इथे हायस्कूल पास व्हायला चाळीस तास समाजसेवा करावी लागते, म्हणून या वयाची मुलं तास कुठे मिळतील ते हेरत असतात. पंगतीत वाढण्याचे तास मिळतील असं मी सांगितल्यामुळे तीच माझी पहिली खेळाडू झाली. तिने आग्रहाच्या लेव्हलपर्यंत मजल मारली आणि फोन सोफ्यावर आपटला.

"आई, दिस इज ब्रोकन. ही सेड नो, आय स्टॉप्ड, अँड आय लॉस्ट पॉइंट्स!"

"अगं, पहिल्या 'नको'ला थांबायचं नसतं."

"व्हॉट? नो मीन्स नो, आई. वी हॅड अ होल असेंब्ली अबाउट इट!"

मी थेट उल्हासकाकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकांनी तिची तक्रार नीट ऐकून घेतली.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "नको म्हणजे नकोच. पण जिलबीच्या बाबतीत माणूस काय म्हणतो ते ऐकायचं नाही, त्याचा हात बघायचा. तोंडाने नको म्हणतोय आणि हात मांडीवर आहे, तर वाढ. हात ताटावर आडवा आला की एक कणही नाही. मग ब्रह्मदेव आला तरी नाही."

"ओह," ईशानी म्हणाली. "सो द हँड इज द रिअल आन्सर."

"हो. आणि हाताचा शब्द कधी मोडायचा नाही."

मी माणसांना हात दिले. कुणी पहिल्याच 'नको'ला हात आडवा धरतो, कुणी तीनदा नको म्हणतो आणि हात हलवत नाही. तेवढ्याने गेमला जीव आला. ओळखता आलं की गुण, ओळखता आलं नाही की भुवया. मी वर गुणांची क्रमवारी लावली आणि लिंक मुलांच्या ग्रुपवर टाकली.

दोन आठवड्यांत मंडळातली आणि बाहेरची मिळून चौदा मुलं त्या गेमला चिकटली. रात्री जेवताना आईबाप फोन काढून घेऊ लागले तर उत्तर यायचं, "बट आय ॲम लर्निंग मराठी कल्चर." क्रमवारीत पहिला नंबर मेगन नावाच्या मुलीचा होता. ती ईशानीची शाळेतली मैत्रीण, तीही तासांसाठी आलेली. तिने जन्मात कोशिंबीर खाल्ली नव्हती, पण ती ताटात कुठे बसते हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. मी काकांना रोज क्रमवारी कळवायची. ते म्हणायचे, "अजून लिंबू विसरतात का गं?" आणि मी अभिमानाने म्हणायची, "नाही काका, आता कोणी विसरत नाही." नंदनला मी मुद्दाम काही कळवलं नाही. त्याला रिहर्सलमध्येच दाखवायचं होतं.

रिहर्सल आमच्या ड्राइव्हवेवर झाली. दोन लांब फोल्डिंग टेबलं, एका बाजूला दहा मोठी माणसं, मध्ये उल्हासकाका आणि नंदन शेजारी शेजारी. काकांनी बेसमेंटमधून ताटं आणली होती. खरं जेवण कशाला वाया घालवायचं, म्हणून मीठ आणि लिंबू खरं, बाकी सगळ्याच्या जागी कोरडा राजमा, पोहे, पास्ता. मुलं भांडी घेऊन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ओळीत उभी राहिली. माझी छाती फुगली होती.

"सुरू करा," मी म्हणाले.

मुलं झरझर निघाली. एकाच्या पाठी एक, न बोलता, न सांडता. ईशानीचा हात तर असा चालत होता की मला वाटलं, ही खरंच माझी मुलगी आहे. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, भात म्हणून पास्ताही पडला. मग नंदन म्हणाला, "रुचा, हे असंच असतं का?"

मी जाऊन पाहिलं. नंदनच्या ताटात मीठ अगदी पोटाशी होतं. लिंबू त्याच्या शेजारी. चटणी आणि कोशिंबीर उजव्या हाताला, भाजी डावीकडे. दहाही ताटांत तसंच. एकही चूक नाही आणि सगळंच उलटं.

मग माझ्या लक्षात आलं. डावी बाजू, उजवी बाजू, हे शब्द जेवणाऱ्याचे. लहानपणापासून आपण ताटासमोर बसून ते शिकतो. गेममधलं ताटही मी तसंच काढलं होतं, फोन हातात धरणारा जणू जेवायला बसला आहे. पण वाढणारा समोर उभा असतो. त्याला ताट उलटं दिसतं. मी चौदा मुलांना महिनाभर, अतिशय चोख, जेवणाऱ्याच्या जागेवरून वाढायला शिकवलं होतं.

मुलं आमच्याकडे बघत होती. मेगनने विचारलं, "डिड वी विन?"

नंदन हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. तो हळूच म्हणाला, "रुचा, एफर्ट जबरदस्त आहे. पण बुधवारी मला केटररला आकडा द्यायचाय. इतके दिवस हाताला बसलेलं तीन दिवसांत अनलर्न होणं डिफिकल्ट आहे."

"मंगळवारी संध्याकाळी परत या," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "एकदा. फक्त एकदा."

"ठीक आहे. मंगळवारी."

उल्हासकाकांनी ताटातलं मीठ चिमटीने उचललं आणि वर मधोमध ठेवलं. "असू दे गं," ते म्हणाले. "बॉक्समधलंही जेवणच असतं. जिवाला लावून घेऊ नकोस."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते ताटं पुसून एकावर एक रचत होते आणि मला रडू येत होतं. मी गॅरेजमध्ये जाऊन विंटर टायरच्या ढिगावर बसले आणि थोडं रडून घेतलं.

मग कामाला लागले. उपाय सोपा वाटत होता. ताट फिरवायचं, अर्ध्या वर्तुळात, एक ओळ. ती ओळ लिहिली, ताट छान उलटं झालं. मीठ वाढायला गेले तर मीठ दिसलं एकीकडे आणि गेमच्या मते पडलं दुसरीकडे. मी फक्त चित्र फिरवलं होतं. कुठली जागा कशाची, याचा हिशेब आत जुनाच होता. तो हिशेब बदलला तर ओगराळं बोटाच्या विरुद्ध दिशेला पळायला लागलं. बोट उजवीकडे नेलं की ते डावीकडे. ते सरळ केलं तर जेवणाऱ्यांच्या भुवया हनुवटीवर गेल्या. सोमवारी ऑफिसातून आल्या आल्या मी पुन्हा तेच घेऊन बसले. पुष्करने चहा आणून ठेवला आणि पळाला. इतकी मी तेव्हा भयंकर दिसत असणार.

समोर सोफ्यावर ईशानी पाय वर घेऊन फोनवर काहीतरी खेळत होती. आई इथे मरतेय आणि ही खेळतेय, या विचाराने मी उठून तिच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले. पाहते तर ती माझाच गेम खेळत होती. पण फोन तिने उलटा धरला होता. ताट उलटं, माणसं डोक्यावर उभी, आणि तिचं बोट भराभर चालत होतं. मीठ तिच्यापासून सगळ्यात लांबच्या काठाला नाही, जवळच्या काठाला पडत होतं. जेवणाऱ्याच्या दृष्टीने बरोबर वर.

"हे काय करतेस?"

"प्रॅक्टिसिंग. यू जस्ट लॉक द रोटेशन अँड फ्लिप द फोन. एव्हरीवन्स डुइंग इट सिन्स यस्टरडे."

"अगं, पण नावं सगळी उलटी दिसत असतील ना? चटणी, कोशिंबीर?"

"आई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय कान्ट रीड देम द राइट वे अप आयदर."

मी खाली बसले. आधी मला भयंकर राग आला, स्वतःचा, तिचा, रिॲक्टचा, सगळ्याचाच. दोन दिवस मी ज्याच्यापायी डोकं फोडत होते, ते या पोरांनी मनगट फिरवून सोडवलं होतं आणि मला सांगायचीही गरज त्यांना वाटली नव्हती. मग तिच्या त्या वाक्याचं हसू आलं. इतकं की पुष्कर धावत वरून खाली आला. त्याला वाटलं मी रडतेय.

मंगळवारी संध्याकाळी मुलं पुन्हा ड्राइव्हवेवर उभी राहिली. पहिल्या दोन ताटांशी हात अडखळले, मेगनने एकदा कोशिंबिरीचा चमचा हवेतच थांबवला आणि मान तिरकी करून विचार केला. नंतर सगळं नीट झालं. मीठ वर, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. उल्हासकाका मागे हात बांधून एकेका ताटापाशी थांबत पूर्ण रांग फिरून आले.

"चालेल," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही.

नंदनने फोन काढला आणि केटररला सांगितलं की बॉक्स नकोत, पातेली पाठवा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "यंदा गो अहेड. पण पुढच्या वर्षीचं मी काही प्रॉमिस करत नाही. गेमने मुलं येतील, पण मोठ्यांचं काय? कुणीतरी उभं राहावं लागतं."

त्यात खोटं काहीच नव्हतं. यंदाची पंगत वाचली होती. पुढच्या वर्षीची नाही.

गणपतीच्या दिवशी कम्युनिटी सेंटरचा हॉल भरून गेला होता. आरती झाली, टेबलं लागली, सव्वाशे माणसं एका बाजूने ओळीने बसली. मुलांनी कुर्त्याच्या बाह्या वर सरकवल्या आणि वाढायला सुरुवात केली. उल्हासकाका रांगेच्या टोकाला उभे होते, हातात तुपाचं भांडं घेऊन. ते काम त्यांनी कोणाला दिलं नव्हतं. श्लोक झाला आणि हॉलमध्ये जेवणाचा तो गोड कलकलाट सुरू झाला, जो बॉक्स उघडताना कधी होत नाही.

जिलबी आली तेव्हा मी मुद्दाम थांबून पाहिलं. डॉक्टर रश्मी म्हणून आमच्याकडे एक बाई आहेत, सगळ्यांना साखर सोडायला सांगणाऱ्या. त्यांनी मान हलवत चार वेळा नको म्हटलं. मेगनने त्यांचा हात पाहिला. तो मांडीवर होता. तिने दोन जिलब्या ठेवल्या. "ओह, यू'आर टेरिबल," असं म्हणत रश्मीताईंनी पहिली लगेच उचलली. शेजारच्या आजींनी हात ताटावर धरला, तर मेगन मान लववून पुढे गेली. मला इतका आनंद झाला की मी भाजीचं पातेलं घेऊन उगाचच एक फेरी मारली.

पहिली पंगत उठली. आता वाढणाऱ्यांची पंगत. चौदा मुलं, दमलेली, भुकेलेली, टेबलाशी येऊन बसली आणि पुढ्यात रिकामी ताटं ठेवून वाट पाहू लागली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांना वाढायचं कोणी, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. जेवलेली माणसं हात धुऊन बडीशेप चघळत उभी होती. कोणी फोटो काढत होतं, कोणी गाडीची किल्ली शोधत होतं. दरवर्षी या वेळी काय होतं, तेही मला आठवलं. उल्हासकाका वाढप्यांना वाढतात, आणि ते जेवले की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन घास खातात. इतक्या वर्षांत मी त्यांना पंगतीत बसलेलं पाहिलंच नव्हतं, आणि ते कधी खुपलंही नव्हतं.

काकांनी तुपाचं भांडं ठेवलं आणि सवयीने वरणाची बादली उचलायला वाकले. ईशानी खुर्चीवरून उठली.

"आजोबा, नो. यू सिट."

"अगं, मग तुम्हाला कोण वाढणार?"

"आय डोन्ट नो. बट यू सिट." तिने त्यांचा हात धरला आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. त्यांच्यापुढे एक ताट सरकवलं. काका अवघडून बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

बादली जमिनीवर तशीच होती. बडीशेप चघळणारे सगळे ते पाहत होते आणि कोणी हलत नव्हतं. माझा राग डोक्यात जायला लागला. मी पुढे झाले, पण माझ्याआधी नंदन आला. त्याने जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं, मिठाचं भांडं उचललं आणि टेबलाच्या समोरच्या बाजूने काकांपुढे जाऊन उभा राहिला. त्याने चिमूटभर मीठ घेतलं आणि काकांच्या ताटात ठेवलं. पोटाशी.

"राँग!" चौदा मुलं एकदम ओरडली.

नंदन दचकला. त्याने घाईघाईने चटणी घेतली आणि ती काकांच्या उजव्या हाताला वाढली. मुलांनी टेबलं बडवली. मेगन म्हणाली, "यू'आर ऑन द राँग साइड, सर!" रश्मीताई हसत हसत भात घेऊन आल्या, पुष्करने वरणाची बादली उचलली, आणखी दोघं-तिघं आली. वाढणारे समोर वाढत होते आणि जेवणारे त्यांना खाली बसून शिकवत होते. सगळ्या ताटांची पार दैना झाली होती.

उल्हासकाका आपल्या ताटाकडे पाहत होते. माझ्या मनात आलं, आता हे मीठ उचलून वर ठेवतील. त्यांनी काही हलवलं नाही. तशाच ताटातला वरण-भात कालवला, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. या माणसाने उभं आयुष्य इतरांना वाढलं, आणि बसून जेवताना तो कसा दिसतो हे आज आम्हाला कळत होतं.

"चुकलं ना, काका?" नंदनने विचारलं. त्याचे कान लाल झाले होते.

"चुकलं," काका म्हणाले. "सगळंच चुकलं. इकडे ये, माझ्या बाजूला."

नंदन टेबलाला वळसा घालून आला आणि काकांच्या खांद्याशी वाकला. दोघांचे चेहरे शेजारी शेजारी, नजर ताटावर. काकांनी वरणाने भरलेल्या बोटाने दाखवलं.

"इथून बघ. ही डावी. इथे चटणी, इथे कोशिंबीर. मीठ तिथे वर. पुढच्या वर्षी मी विचारायला नसेन, म्हणून आत्ताच नीट बघून घे."

नंदन बराच वेळ तसाच वाकून राहिला. ओठ हलवत तो काहीतरी पाठ करत होता. मग त्याने मिठाचं भांडं उचललं, पुन्हा समोर गेला आणि शेवटच्या मुलाच्या रिकाम्या ताटात, लांबवर नाही, आपल्या बाजूच्या काठाशी, जपून चिमूटभर मीठ ठेवलं. मुलं ओरडली नाहीत. त्याने मान वर करून काकांकडे पाहिलं.

"चालेल," काका म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.